पहिलीचा पट

४ मे
सांगवीच्या ज्या मराठी शाळेत मी हेडमास्तर होतो, तिच्या पहिलीत यंदा एकही नाव नाही. जूनपर्यंत पोरं मिळाली नाहीत तर वर्ग बंद, मग हळूहळू शाळाच. कारण, हायवेवरची ती ‘इंटरनॅशनल’. इंटरनॅशनल कशामुळे, तर बस शेजारच्या तालुक्यातही जाते. शिसारी येते. उद्यापासून मी घरोघर फिरणार. गावात माझा शब्द अजून चालतो.

५ मे
ऊन फार. उद्या.

९ मे
सूनबाई विनया म्हणाली, बाबा, तुमची नात आसावरी कुठल्या शाळेत जाते असं कोणी विचारलं तर? आसावरीची गोष्ट वेगळी. ती तिथे जाते म्हणूनच मला त्या शाळेचा पोकळपणा आतून कळतो. तिच्या अ‍ॅडमिशनला पहाटे रांगेत मी उभा होतो हे खरं, पण मुलाला, केयूरला, रजा नव्हती.
कल्पना सुचली. आसावरीला सोबत न्यायचं. वाईट उदाहरण म्हणून.

१४ मे, संध्याकाळ
गेणबाकडे गेलो. माझा जुना विद्यार्थी, कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. त्याची छकुली यंदा पहिलीला. तासभर बोललो. बालवाडीच्या पोरांना काळे झगे घालून पदव्या वाटतात, फ्लेक्स लावतात, किळस येते, सगळं सांगितलं. मग आसावरीला इंग्रजी कविता म्हणायला लावली. मध्येच अडखळली, तेव्हा पुढची ओळ मला सांगावी लागली. गेणबाची बायको दिपाली टक लावून बघत होती. तिला धक्का बसलेला स्पष्ट दिसला. गेणबा म्हणाला, व्हय गुरुजी, तुमी बोलताय त्ये समदं खरं हाय. छकुली पक्की.

२३ मे
आणखी पाच घरं. सगळीकडे कविता. एका घरात तर दोनदा म्हणायला लावली. लोकांचे डोळे उघडताहेत.

५ जून
शाळेतल्या वैष्णवीबाईंचा फोन. म्हणाल्या, सर, अजून कोणी नाव घालायला आलं नाही. म्हटलं, निर्धास्त राहा. आपल्याकडची माणसं शेवटच्या दिवशीच उठतात.

१६ जून
शाळेचा पहिला दिवस. नव्या पोरांच्या स्वागताला बारामतीहून गुलाब आणवले होते. आधी आसावरीला बसमध्ये बसवून मग शाळेत जाणार होतो.
स्टॉपवर छकुली उभी. गळ्यात टाय. शेजारी त्या पाचही घरांतली पोरं, टायसकट. गेणबा पाया पडला. म्हणाला, गुरुजी, आमचं काय ठरत न्हवतं. तुमच्या नातीला बघितलं आन् ठरलं. तुमी आणलं नसतं तिला, तर आमाला कुठं कळलं असतं.
लोक ऐकतात तरी कशाला, कळत नाही. या गावाची चीड आली आहे.
आसावरीची खिडकीची जागा छकुलीने घेतली. गुलाब बसमधल्या पोरांना वाटून टाकले. उन्हात कोमेजले असते.
वैष्णवीबाईंचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. रेंज नव्हती.