कंडक्टरचा चेहरा

आप्पा,

काल कोलाडला हायवेवरच्या हॉटेलात मी एका मुलीवर ओरडलो. मिसळ खाणारी माणसं चमचे हातात धरून बघत राहिली. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होतो, त्यामुळे माझं डोकं केवढ्याशा गोष्टीवर तापतं ते तुम्ही पुरतं बघितलेलं नाही. रोह्याचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं तेही असंच, सरांशी वाद घालून, बॅग उचलून. आई म्हणते, हे तुमच्याकडून आलंय. असेल. सीझनला तुमच्याच कारखान्यात गणपती रंगवतो, आणि उरलेल्या वेळात कॉमिक काढतो. दर शुक्रवारी एक भाग, लोक फोनवर वाचतात. पेण-रोहा एस.टी.वरची एक तरुण कंडक्टर आणि तिची पॅसेंजरांशी होणारी भांडणं. ती कंडक्टर म्हणजे हीच मुलगी, कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची ती.

सुरुवातीला हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. तीन वर्षांपूर्वी मी काढायचो ते सगळे डोळे तुमच्या गणपतीचे होते. लांब, कानाकडे ओढलेले, पापणी अर्धी खाली, समोर कुठंही उभं राहा, आपल्याकडेच बघणारे. लहानपणापासून हाताला दुसरे डोळे माहीतच नव्हते. माझा खिसेकापू पण आशीर्वाद द्यायला बसल्यासारखा दिसायचा. एकाने खाली लिहिलं, 'भाऊ, कंडक्टरला मोदक द्या.' त्याच्याशी आठवडाभर भांडलो आणि चिडून ते डोळे सोडले. मग फोनवर दिसेल त्याची नक्कल केली, टोकदार हनुवट्या, उडणारे केस, अर्ध्या तोंडाएवढे डोळे. तेही माझं नव्हतंच. गेल्या वर्षी रोहा स्टँडवर बसून माणसं काढायला लागलो. पिशवी मांडीवर घेतलेली बाई कशी बसते, सुट्टे नसले की माणूस आधी कुठल्या खिशात हात घालतो, असलं सगळं. रेघ बारीक झाली, कमी झाली, नको ते गळून गेलं. आणि उरली ती ही. डावा डोळा जरा बारीक, एका दातावर चढलेला दुसरा दात, राग आला की ओढणीचं टोक चावणं. समोर नसली तरी हाताला यायची.

एकदा तुम्ही मला कानफटवलं होतंत, ते आठवतं? आई तुमच्याशी भांडून निडीला माहेरी गेलेली. गणपती तोंडावर आलेत, आखणीला, म्हणजे डोळे काढायला, माणसं कमी, म्हणून तुम्ही एक छोटी मूर्ती माझ्यापुढे ठेवता. मी मन लावून डोळे काढतो. तुम्ही येता, वाकून बघता.

"ही कोण?"

"कोण नाय."

खाडकन कानाखाली. "मूर्तीला जित्या माणसाचं तोंड द्यायचं नाय! पाण्यात घालायची असते ती. आईला पाण्यात घालतोस व्हय रे?"

पांढऱ्या रंगाचा एकच हात, आणि डोळे गेले. दुसऱ्या दिवशी तुम्हीच निडीला जाऊन आईला घेऊन आलात. माझा कान तेव्हाही लाल होता. मला वाटलं, हा नियम मूर्तीपुरता. चित्र कुठं पाण्यात जातं? तिथंच घोळ झाला, आप्पा. ते कुठं जातच नाही. माणसांच्या फोनमध्ये राहतं.

रविवारी त्या मुलीचा साखरपुडा आहे. होणाऱ्या सासूने तिच्यासमोर फोन धरला, "ही तूच ना गो?" ही म्हणाली, नाही, काढणाऱ्याला मी ओळखत पण नाय. रोह्यात चार डोळे बघतात म्हणून तिने मला काल कोलाडला बोलावलं.

"उद्या परत माझं तोंड आलं तर मी खोटी पडेन," ती म्हणाली.

"तीन वर्षं येतंय. तेव्हा तर हसायचीस."

"तेव्हा ती मखरात बसवायची बाई होती! कोण ओळखणार होतं? आता तू नीट काढायला लागलास, तोच माझा वांधा झालाय."

"मग काय वाईट काढू?"

"काय पण काढ. मला काढू नको."

"तुझ्यासाठीच काढतो, कळत नाय तुला?"

तिने तोंडातली ओढणी बाजूला केली. "सगळ्या तालुक्याला कळलं. मला एकदा तरी विचारलंस?"

तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते तुम्हालाही लिहीत नाही. ती उठली, रोह्याच्या मिनीडोर रिक्षाला हात केला आणि मागे न बघता गेली.

आज शुक्रवार. सकाळपासून कारखान्यात बसलोय. नवा भाग तयार होता, तिच्या तोंडासकट. रागात टाकूनच देणार होतो. पडू दे खोटी, मला काय. बोट स्क्रीनवर नेलं, आणि ती सासूपुढे कशी उभी राहील ते दिसलं. इतकं स्पष्ट की लगेच काढता आलं असतं. बोट मागे घेतलं. मग जुने, तुमचे डोळे देऊन बघितले, म्हणजे कोणी ओळखायला नको. हात वळेचना. जे आलं ते ना तुमचं ना माझं. ते पुसलं. शेवटी कंडक्टरची बदली केली. पहिल्याच चित्रात गाडीत नवीन बाई चढते, पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा, पायात कापडी बूट, आणि दारातल्या पोरांना म्हणते, "आत सरका की, मी काय हवेत लटकू?" हिला मी कुठंच पाहिलेलं नाही. भाग टाकला आणि गेल्या वर्षभरातले सगळे जुने भाग काढून टाकले. माझं जे काही बरं काम होतं ते तेवढंच होतं. लोकांकडे त्यातलं काय उरलंय ते माझ्या हातात नाही. लोक विचारतायत, जुनी कुठं गेली. तिला मी काहीच कळवलेलं नाही.

आई जेवायला हाका मारतेय. हा कागद मी तिला दाखवणार नाही, दुसऱ्या कोणालाही नाही. रोज सगळ्यांना सांगत फिरायचो, त्या मुलीशिवाय मी जगणार नाही म्हणून. पण त्या चष्मेवाल्या बाईचं तोंड जमायला लागलं ना आप्पा, तेव्हा फार मजा आली, दुपार कशी सरली कळलं नाही, आणि त्या दुपारभरात मला तिची एकदाही आठवण आली नाही.