डाव्या हातमोज्याचं भोक

मंगळवार, संध्याकाळ

आज आयसोलेटरच्या डाव्या हातमोज्याला भोक दिसलं. टाचणीएवढंच. पण आत कॅन्सरच्या औषधाची पावडर, अंगाला लागली तर घातक, गर्भालाही. ती बाहेर येऊ नये म्हणून तर आयसोलेटर, तो बंद प्लास्टिकचा तंबू, आणि त्याच्याच हातमोज्यांत हात घालून आम्ही बाहेरून काम करायचं. सुपरवायझरना म्हटलं, "सर, हातमोजा बदलल्याशिवाय मी हात घालणार नाही."

"टेप लावा. बॅच थांबणार नाही."

मी मागे सरले. त्यांनी वंदनाला बोलावलं.

वंदना कंत्राटी, सिन्नरहून येते. नुकतंच लग्न झालंय, मूल हवंय तिला. मी हळूच म्हटलं, "नको घालूस."

"ताई, तुम्ही पर्मनंट. मी नाय म्हटलं तर उद्या गेटातूनच परत पाठवतील."

तिने टेपवर टेप लावली आणि हात घातला. टाचणीएवढं भोक! मी पुन्हा अडवलं असतं तरी काय? कुणाचे तरी हात आत जाणारच होते. वर तक्रार करू? तर पहिली तीच घरी बसेल.

सुटल्यावर गेटापाशी माझ्यासाठी थांबली होती. म्हणाली, "ताई, मी हात घातला म्हणून रागावल्या नाय ना?"

नाही म्हणाले. तिच्याकडे बघवलं नाही.