पाचव्या बाटलीचा खुलासा

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
श्रावणातला तिसरा मंगळवार

तीर्थस्वरूप वच्छलावहिनींना धाकटा दीर रामहरी याचा पाया पडून नमस्कार.

(वर सवयीनं ‘सौ.’ लिहिलं होतं, ते खोडलं. त्या जागी जुनी माणसं जे लिहायची ते लिहायला हात होईना, म्हणून तिथं नुसता डाग दिसतोय. शाई सांडली असं समजा.) गुडघा कसा आहे? अजिंठ्याकडं पाऊस झाला का? सोमनाथ आणि सूनबाई मोनिका खुशाल असतील. इकडं आम्हीही खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे सोमवारी मला दवाखान्यात जाऊन सांगायचंय की माझं मोठं आतडं पोटात ठेवायचं की कापून काढायचं, आणि त्याचं उत्तर तुमच्या हातात आहे. दादाच्या तेराव्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. सोमनाथ उचलतो आणि आई रानात गेलीय म्हणून सांगतो, आणि त्याच्या मागं तुमचा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र. तुम्ही बचत गटाची वही लिहिता, तेव्हा हे तुमचं तुम्हीच वाचा. मोनिकाकडून वाचून घेऊ नका.

तुमचं माझ्याविषयी काय म्हणणं आहे ते सोमनाथनं सांगितलं. मी दादाच्या आतलं सत्त्व काढून नेलं, तेही रिकाम्या हातानं, म्हणून तो गेला. वहिनी, मी पाटबंधारे खात्यातला कारकून. आरोपाला मुद्देसूद उत्तर देण्यात माझी हयात गेली, पण ह्याला मुद्देच सापडेनात. आपल्यात रीत आहे ती मलाही माहीत आहे. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, लेंड्यांचं खत पडतं, आणि सकाळी कळप उठायच्या आधी तो मेंढरंवाल्याच्या बाईमाणसाच्या पदरात ज्वारी घालतो. पदर रिकामा राहिला तर कळपाची बरकत त्याच रानात राहते. मी दादाकडून तीनदा खत नेलं आणि तुमच्या पदरात दाणा घातला नाही. डोक्यातच आलं नाही हो! प्लास्टिकच्या डबीवर लेबल चिकटवून काचेच्या दारातून आत जातं ते खत असतं, हे शहरात राहून माणूस विसरतो. नंतर ज्वारीची गोणी पाठवली तर ती तुम्ही तशीच शिवलेली परत धाडली. तुमची जाऊ रत्नमाला त्या ज्वारीला हात लावत नाही. गोणी पलंगाखाली आहे आणि त्या पलंगावर मी झोपतो.

आता रोगाविषयी, कारण गावात माझ्या रोगाच्या सोळा आवृत्त्या फिरतायत. (मला मूळव्याध नाही. करणीही नाही. जाऊबाईंच्या हातचं खाऊन झालेलं नाही, हे रत्नमालेनं खास लिहायला सांगितलंय.) चार वर्षांपासून मला दिवसाला बारा-पंधरा वेळा जावं लागायचं आणि रक्त पडायचं. ऑफिसात माझी खुर्ची संडासाच्या दाराशी हलवली, त्यालाच लोक बढती म्हणायला लागले. गोळ्यांनी तोंड सुजलं, इंजेक्शनं झाली, फरक नाही. शेवटी डॉक्टर विशाखा मॅडमनी कागदावर आतडं काढून समजावलं. आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात आणि ते आपलेच असतात, अन्न पचवायला लागतात. आतड्याच्या भिंतीत शरीराचे पहारेकरी असतात. लहानपणी हे जंतूच पहारेकऱ्यांना शिकवतात, की कोण घरचा, कोण परका. माझ्यात घरचे जंतू विरळ झाले, आणि पहारेकरी उरलेल्यांवरच तुटून पडले. त्या मारामारीत भिंत सोलून निघाली. मी हे दादाला घोळून घोळून सांगितलं. त्यानं तंबाखू मळायच्या आत निकाल दिला, “मंजी तुझी कुत्री तुझीच मेंढरं खायला लागली.” मॅडमना हे सांगितलं तर त्या लिहून घ्यायला लागल्या. दादाचं पुढचं म्हणणं असं, की पिल्लू असताना कोकरांत झोपलेलं कुत्रं मेंढराला तोंड लावत नाही, आणि मला दहाव्या वर्षी बोर्डिंगात टाकलं तिथंच घोटाळा झाला. तिथं शिंकलं तरी गोळी द्यायचे.

उपाय असा, की चांगल्या माणसाच्या पोटातला कळप त्याच्या शौचातून घ्यायचा आणि माझ्या पोटात सोडायचा. आता चांगल्या पोटाचा माणूस आणायचा कुठून? दादानं जन्मात गोळी खाल्ली नव्हती. त्याचं रक्त तपासलं, बाकीचंही तपासलं. मॅडम म्हणाल्या की इतक्या जातींचे जंतू एका माणसात त्यांनी पाहिले नाहीत. झालं! दादा शहागंजात उभा राहून ओळखीच्या माणसांना सांगायला लागला, की दवाखान्यात आपला माल एका फटक्यात पास झाला. मी लाजेनं रस्त्याच्या पलीकडून चालत होतो. मार्गशीर्षात तो तीनदा माझ्याकडं मुक्कामाला आला, तीनदा दिलं, त्याच्या पाच बाटल्या झाल्या. धुऊन, गाळून, बर्फापेक्षा गार कपाटात ठेवल्या. तीन बाटल्या मला नळीनं चढवल्या आणि वहिनी, मी बरा झालो. चार वर्षांनी मी तिखट खाल्लं. दोन तास सलग खुर्चीवर बसलो. साहेबानं विचारलं, बरं वाटत नाही का?

मग पौषात दादा गेला. ते तुम्हाला काय सांगायचं. सकाळी उभ्या उभ्या, मेंढरांच्या वाड्याच्या काट्या सारताना. चौथ्या बाटलीची तारीख आधीच ठरली होती, ती दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आली. मी गेलो. (दवाखान्याला सुतक नसतं.) दादा गेल्याचं तिथं बोललो नाही. नळी आत गेली तेव्हा सवयीनं छताकडं बघत होतो, आणि एकदम डोक्यात आलं, की माती देऊन अकरा दिवस झालेला माणूस हा इथं जिवंत आत चाललाय. मॅडमना नंतर विचारलं, हे जंतू माझ्यात किती दिवस राहतील? त्या खुशीत म्हणाल्या की लागले तर वर्षानुवर्षं राहतील, काही तर अर्ध्या तासात दुप्पट होतात. 

त्यानंतर दोन दिवसांनी तेरावं. तुमचं ते कुत्रं, खंड्या, सतरा वर्षांत मला न भुंकता कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्या दिवशी ते उठलं, माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ पोटाशी नाक लावून हुंगत राहिलं, आणि कण्हून माझ्या पायांवर पडलं. सगळ्या पंगतीनं घास खाली ठेवले. तुम्ही वाढत होता. तुमच्या हातातली पळी तशीच राहिली आणि तुम्ही आत निघून गेलात. तेव्हापासून तुम्ही बोलत नाही, आणि तुमचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मला वाटलं कुत्र्याचं काय, श्राद्धाच्या वासानं येडं झालं असेल. पण महिन्याभरानं शहागंजातून जाताना घोंगड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी पाठमोऱ्या मला दादाच्या नावानं हाक मारली, “क्या कडूबाभाई, भोत दिन के बाद!” मी वळलो. दादा काटक आणि उंच, मी गोळ्यांनी फुगलेला, डोईला टक्कल. चाचांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, तुम्ही सीटी वाजवत होता ना, ती कडूबाची. वहिनी, मला सीटी वाजवता येत नाही. लहानपणी दादानं शिकवायचा लई प्रयत्न केला, नुसती थुंकी उडायची. घरी येऊन बेसिनसमोर तोंडाचा चंबू करून पाहिला, थुंकीच उडाली. रत्नमाला दारात उभी राहून बघत होती. 

ऑफिसात एका कागदावर सहीच्या ऐवजी मी दादासारखा अंगठा उठवला. शाईचं पॅड कधी ओढलं कळलं नाही. साहेब म्हणाला, रामहरी, चेष्टा पुरे. चैत्रात तर कहर झाला. आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर कुणाचा तरी कळप उतरला होता. मी दुधाची पिशवी घेऊन चाललो होतो. मेंढरांनी चरणं सोडलं आणि सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. दीडशे मेंढरं, आणि एकही ओरडेना. मी चाललो तशी ती मागं निघाली, नुसता खुरांचा आवाज. गेट लावून घेतलं तर गेटाला तोंडं लावून उभी राहिली. त्यांचा मालक काठी घेऊन भांडायला आला, मला जवळून पाहिलं, आणि का कुणास ठाऊक, टोपी काढून मुकाट्यानं कळप वळवून गेला. शेजारचे लोक व्हिडिओ काढत होते. रत्नमाला गॅलरीतून म्हणाली, “मला एक नवरा मिळाला होता, त्याच्यातच भागत होतं.” मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की पोटाचा आणि मेंदूचा संबंध असतो, अगदी खरा असतो, पण एवढा नसतो. मग त्यांनी मला मानसोपचाराची चिठ्ठी दिली.

आता मुद्द्यावर येतो. आषाढापासून पुन्हा रक्त सुरू झालंय. कळप पांगतोय, असं मॅडमचा रिपोर्ट सांगतो. दादाचे जंतू कमी कमी होत चाललेत. सीटी गेली. परवा मुद्दाम मेंढरांजवळून गेलो, एकानंही मान वर केली नाही. वाईट वाटावं असं ते काही नाही, तरी मी घरी येऊन रडलो. कपाटात पाचवी बाटली शिल्लक आहे. ती चढवून बघायची, नाहीतर आतडं काढून पोटावर पिशवी. जन्मभराची. मी पिशवीला भितो, वहिनी. कारकून माणूस मोठं मन दाखवतो ते फक्त दुसऱ्याच्या फाईलवर.

थोरल्या भावजयीला धाकट्या दिरानं एवढं लांबण लावून लिहायचं नसतं. तरी लिहिलं. पदरात घ्या.

तुमचा
रामहरी

ता. क. पाकिटात एक छापील कागद आहे. दादा गेल्याचं दवाखान्याला नंतर कळलं, म्हणून त्याच्या पाचव्या बाटलीला वारसाची हरकत नाही असं त्यांना लेखी हवंय. फुलीच्या खुणेवर सही करून सोमनाथबरोबर रविवारपर्यंत पाठवा. तारीख घालू नका, ती मी घालतो.

ता. क. २. रत्नमाला म्हणते, जाऊबाईंना लिहा की मी रागावलेली नाही. घरात दोन माणसं झाली असं वाटलं तरी दोघं आपलीच आहेत. फक्त कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी मला तुमच्यासारखी जमत नाही, आणि हे महिनाभर तीच मागत होते.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते परत फोडून लिहितोय. दादा दुसऱ्या खेपेला आला तेव्हा आमचा जिना चढताना मधेच बसला. म्हणाला, छातीत कळ येती अन् डाव्या हातात उतरती, दिवाळीपासून चाललंय. मी म्हणालो, उद्याच दाखवू. पण तसंच पुढं म्हणालो की औषध सुरू झालं तर तुझा माल नापास होईल, अजून दोनदा द्यायचंय, तेवढं होऊ दे, मग दाखवू. तो म्हणाला, व्हय, वच्छीला सांगू नको, उगी घोर लावून घेईल. मग उठला, वर आला, दोन भाकरी खाल्ल्या. दोन्ही वेळा त्यानं दिलं. मी बरा झालो. आणि विसरलो. मुद्दाम टाळलं असं नाही वहिनी, मला बरं वाटत होतं म्हणून विसरलो. कुत्र्याचं, मेंढरांचं, सीटीचं जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण ते लिहीत बसलो ते हे लिहावं लागू नये म्हणून. ज्वारीवरून तुम्ही मला उगाच माफ करू नका. कागद तुमच्याजवळ आहे. फाडलात तर सोमवारी मी आतडं काढा म्हणून सांगेन, आणि का ते कुणाला कळणार नाही.