माझ्या सहीची किल्ली कोणास मिळणार नाही

मी, सखुबाई संतराम पतंगे, वय ६७, धंदा शेती व सरपंचकी, हल्ली मुक्काम लेकीच्या घरी आखाडा बाळापूर, माझ्या माघारी काय व्हावे ते राजीखुशीने लिहून ठेवते. काळीज अर्धेच चालते असे डॉक्टर सांगतात. डोके पूर्ण चालते, तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दबाव आणला काय? आणला. पुतण्या विजयकुमार रोज आणतो. त्याला न जुमानता लिहिते.

१. गावचे राहते घर आणि हळदीचे दोन एकर रान माझी एकुलती लेक शिवकन्या हिला.

२. विजयकुमार यास माझी किल्ल्यांची पितळी कडी द्यावी. रिकामी. कारण असे की, मी निवडून आले तेव्हा मला डिजिटल सहीचे डोंगल मिळाले, कॉम्प्युटरला खोचायचे, बोटाएवढे. बाईने खुर्चीवर बसायचे आणि कारभार घरच्या गड्याने पाहायचा, ही आमच्याकडची रीत. मीही डोंगल त्याच्या हाती दिले, पिनसकट. त्याने ते याच कडीत मोटारसायकलच्या किल्लीशेजारी अडकवले आणि गावचे गायरान खडी क्रशरला देण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही, असे पत्र माझ्या सहीने पाठवले. गावातल्या बाया जाब विचारायला आल्या. सही माझी नाही, अशी मी देवाची शपथ घेतली. नात कोमल नांदेडला कॉम्प्युटर शिकते. तिने पत्र उघडून तपासले. "आजी, सही तुझीच हाय," म्हणाली. चार बायांत मी खोटी ठरले.

३. मग कोमलने समजावले ते इथे लिहिते, पुढच्या बाईला उपयोगी पडेल. "किल्ल्या दोन असत्यात. एक डोंगलात लपलेली, दुसरी साऱ्या दुनियेला दिलेली. लपलेलीनं तू कागदावर खूण करायची, दुसरीनं कुणीबी ती तपासायची. पण दुसरी हातात हाय म्हणून तुझी खूण कुणाला करता येत न्हाई. कागदातला एक काना बदलला तरी खूण जुळत न्हाई." मी विचारले, "मग विज्यानं कशी केली?" "लपवायची ती तूच दिलीस की!" म्हणजे किल्ल्यांचे गणित चुकले नव्हते, मी चुकले होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

४. कडी त्याच्याकडून काढून घेतली, जुनी सही रद्द करवली. ओळख पटवायला कॅमेऱ्यापुढे स्वतः बसून नवी घेतली. गायरान परत मिळावे म्हणून जिल्ह्याला तक्रार केली आणि तिच्यावर नव्या किल्लीची खूण माझ्या हाताने केली. तेव्हापासून विजयकुमार खाटेपाशी ठाण मांडून असतो. "काकू, तुमाला तकलीफ होऊन राहिली. डोंगल द्या, मी बराबर सांभाळतो." त्याला माझ्या नावाने तक्रार मागे घ्यायची आहे. मी म्हणाले, "बाबा, एकदा शेण खाल्लं. आता न्हाई."

५. माझा खलबत्ता कोमलला. मी गेल्याबरोबर, तिरडी बांधण्याआधी, तिने माझी सही रद्द करण्याचा अर्ज धाडावा आणि अंगणात सर्वांदेखत डोंगल या खलबत्त्यात कुटावे. नवा पिन मी कोणालाही सांगितलेला नाही. शिवकन्येलाही नाही, तिने रुसू नये. तक्रार मागे घेतल्याचा कागद कोणत्याही तारखेचा निघो, त्यावर माझी खूण बरोबर जुळो, ती मी केलेली नाही. मी तक्रार मागे घेतलेली नाही व घेणार नाही.

६. मृत्युपत्राला डिजिटल सही कायद्याने चालत नाही, असे कोमल म्हणते. म्हणून शाईने सही करते. अक्षर वाकडे येते, पण माझे आहे. दुसरी साक्षीदार विजयकुमारची बायको आहे. तिला मी दोनदा विचारले, घरी काय सांगशील? ती म्हणाली, "काकू, पुढच्या इलेक्शनला मला उभं करून राहिलेत. माझी सही मीच करते, ते आजच कळू द्या त्यायला."

ठिकाण: आखाडा बाळापूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

सखुबाई संतराम पतंगे (सही)

आम्हा दोघांदेखत सखुबाईंनी सही केली, त्यांच्यादेखत आम्ही केली:
१. डॉ. राधाकृष्ण देशमुख (सही)
२. सपना विजयकुमार पतंगे (सही, स्वतःच्या हाताने)