दहानं गुणलेला पगार

सांगली,
५ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
रिबेकाचा प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि माझ्या ओरडण्याने शेजारी गोळा होतात, म्हणून पत्रच लिहिते. हळदीची आवक सुरू झाली आहे. लियाकतशेठच्या गोदामात सध्या पाणी प्यायलाही फुरसत नाही. कपडे कितीही धुतले तरी पिवळेच.

काल आमच्या चर्चच्या मंडळीची वार्षिक सभा झाली. कोणी किती दशमांश दिला ते खजिनदारांनी नावानिशी वाचलं. माझे महिन्याला सोळाशे. आकारामदादाचे चोवीसशे! हा आमच्याच गोदामात किल्ल्या सांभाळतो, मी काट्यावर वजनं घेते. मला नऊ वर्षं झाली, त्याला तीन. दशमांश म्हणजे कमाईचा दहावा वाटा, दहानं गुणायला काही कॉलेज लागत नाही. त्याला चोवीस हजार आणि मला सोळा! अंगाची नुसती आग होतेय. शेवटचं गीत माझ्या तोंडून निघालंच नाही. शेठला जाब विचारावा म्हणते. तुझं मत लगेच कळव.

माया आहेच, ती असू दे.
तुझी रिबेका

उंब्रज,
९ फेब्रुवारी २०२४

चि. रिबेकास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आगं बये, तू सभेला गेलीस का दुसऱ्याच्या ताटातलं मोजायला? परवापतूर सोळा हजारात तुजं भागत हुतं, पोरीची फी जात हुती. आयतवारी आकारामाचा आकडा ऐकला आन् त्याच सोळा हजाराला कीड लागली व्हय?

प्रभूनं सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला आठव. दिसभर राबलेल्यांना ठरल्यापरमानं मजुरी मिळाली हुती. सांजच्याला आलेल्याला तेवढीच मिळाली, ती त्यांच्या डोळ्यांत सलली. ल्हानपणी ही गोष्ट सांगितली तवा तू मळेवाल्यावरच चिडली हुतीस, तीच खोड अजून हाय.

पर पगार वाढवून मागणं पाप न्हाई. नऊ वर्सं झालीत, हक्कानं माग. फकस्त आकारामाचं नाव तोंडातून काढू नगंस. आपलं मागताना दुसऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई. माजं गुडगं हाय तसंच हाय.

लोभ हाय, त्यो वाढवणं तुज्या वागण्यावर.
तुजी आत्या, सुवार्ता

सांगली,
१६ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. मी शेठकडे त्याच्या आदल्या दिवशीच जाऊन आले होते, आणि तू जे करू नको म्हणालीस तेच केलं. तीन वर्षांच्या माणसाला चोवीस हजार कसे देता, असं थेट विचारलं. शेठ म्हणाले की आकारामला ते तेरा हजार देतात, माझ्यापेक्षा तीन हजारांनी कमी. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्यावर त्यांनी विचारलं की तेरा हजारवाला माणूस महिन्याला चोवीसशे देवळात देतो, ते आणतो कुठून?

संध्याकाळी त्यांनी दादाकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि पोती मोजायला लावली. माल बरोबर भरला. तरी आज सकाळी सगळ्या हमालांसमोर त्याला विचारलंच. त्याने मान खाली घालून सांगितलं की कोरोनात काम सुटलं तेव्हा मंडळीने त्याच्या घरी धान्य पुरवलं होतं. ते लोकांच्या दशमांशातलंच होतं, म्हणून स्वतःच्या तेराशेवर तो अकराशे परतफेड म्हणून घालतो. कोणाला कळू नये अशी त्याची इच्छा होती.

शेठने किल्ल्या परत दिल्या. चहाडी कोणी केली ते त्याला माहीत नाही. मी शेजारीच उभी होते आत्या, आणि गप्प राहिले. जेवणाच्या सुट्टीत त्याने नेहमीसारखं त्याच्या डब्यातलं लोणचं मला दिलं. काय करू?

रागावलीस तरी लोभ सोडू नको.
तुझी रिबेका

उंब्रज,
२१ फेब्रुवारी २०२४

चि. रिबेकास,
आशीर्वाद.

काय करू म्हणून इचारायला तू ल्हान हाईस का? मार्चच्या पैल्या आयतवारी प्रभुभोजन असंल. त्याच्या आदी त्या माणसाच्या घरी जा आन् सांग. सांगितल्याबिगर त्या मेजाशी भाकर-द्राक्षारस घ्यायला जाऊ नगंस. त्यानं दारातच चार शिव्या घातल्या तर खा. लय ल्ह्यायचं हुतं, पर माजा राग आवरंना.

तरीबी माजीच हाईस.
तुजी आत्या

सांगली,
५ मार्च २०२४

ती. आत्यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

शनिवारी आकारामदादाच्या घरी गेले. त्याच्या बायकोने, मार्थावहिनींनी चहा ठेवला होता, तो तसाच गार झाला. सगळं सांगितलं. दादाने शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं की मला खरंच सोळा हजार मिळतात का. मी हो म्हणाले. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. सभेच्या दिवशी आरशात माझा तसाच दिसला असता.

रविवारी तो प्रभुभोजनाला पुढे आला नाही. मागच्या बाकावर बसून राहिला. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग मीही पुढे गेले नाही.

काल त्याला घेऊन शेठकडे गेले. दोघांना सारखं द्या म्हणाले. शेठ म्हणाले, पगाराला एवढेच पैसे आहेत, दोघांना साडेचौदा हजार चालतील का? म्हणजे माझे दीड हजार गेले. पोरीची फी डोळ्यांपुढे आली. दादा जमिनीकडे बघत होता, नको म्हणेल असं वाटलं, पण म्हणाला नाही. शेवटी मीच हो म्हणाले.

बाहेर आल्यावर तो सरळ कामाला लागला. साधे आभारही मानले नाहीत, आणि आत्या, खोटं कशाला बोलू, मला राग आला. रात्रभर तळमळले. मग पहाटे डोक्यात आलं की आभार कशाचे मानायचे त्याने? मी माझ्यातलं दिलं कुठे, ते त्याच्याच वाट्याचं होतं. हे कळलं तरी राग पुरता गेलेला नाही. माझ्यासाठी प्रार्थना कर.

लोभ ठेव, मला सध्या त्याची गरज आहे.
तुझी रिबेका