सगळ्यांचा आकडा दोनच

८ जानेवारी
आले बाई एकदाची! स्टेशनपासून इस्पितळापर्यंत दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फ. भूल देणारी डॉक्टर म्हणून इथे मी दुसरी; पहिले कुरामोची सर, तीस वर्षं इथलेच. सिस्टर इगाराशींनी घरचा खारवलेला मुळा आग्रहानं वाढला आणि बजावलं, की म्हातारी माणसं छपरावरचा बर्फ उतरवायला चढतात नि पडून, मांडीचं हाड मोडून आपल्याकडे येतात, तेव्हा पोटभर खाऊन घे. माणसं गोड आहेत.

११ जानेवारी
पहिली मोडकी मांडी. कमरेत भुलीचं इंजेक्शन द्यायचं तर पेशंटला उठवून, पाठ वाकवून बसवावं लागतं. मोडक्या पायानं ते म्हणजे नरकयातना. म्हणून आधी जांघेत सुई देऊन पाय बधिर करायचा, असं मी शिकले. सर हसले. म्हणाले, शहरातले लाड तिकडेच ठेव, आमची माणसं चिवट आहेत, त्यांनाच विचार. विचारलं, दहापैकी किती दुखतंय? आजोबा म्हणाले, दोन. ओठ चावून रक्त आलेलं, तरी दोन! वर मलाच त्रास दिला म्हणून माफी मागितली. आपल्यामुळे कुणाला त्रास नको, हे इथे लहानपणापासून अंगी मुरवतात. मी कागदावर निमूट दोन लिहिलं. माझी काय वाचा बसली होती?

१५ जानेवारी
तीन पेशंट. दोन, दोन, दोन. तिसऱ्या बाईंना बसवलं तेव्हा माझ्याच उजव्या मांडीत सणकन कळ गेली. थंडीनं असेल.

१९ जानेवारी
थंडी नाही. पेशंटला उठवलं की कळ येते, भूल चढली की जाते. मी दोन लिहिते, मग उरलेले आठ कुठे जाणार? माझ्या पायात. सिस्टरना सांगितलं, तर म्हणाल्या, होते सवय पोरी, मलाही झाली. त्या लंगडतात. आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

२२ जानेवारी
सरांशी कडाकडा भांडले. शेवटी वैतागून म्हणाले, एकदा करून बघ, होऊ दे तुझं समाधान. उद्या त्सुने आजी. वय ब्याऐंशी. त्यांना सांगितलं, बसवायच्या आधी सुई देईन, दुखणार नाही. अजिबातच नाही? असं त्यांनी तीनदा विचारलं आणि रडल्या. मी वचन दिलं.

२३ जानेवारी
सिरिंज भरली. आजींना नुसतं स्ट्रेचरवरून उचललं आणि माझा पाय—
सामानाच्या खोलीत शिरले. कडी लावली. जांघेत सुई घेतली. माझ्या. आजींच्या वाटची.
बाहेर येऊन सांगितलं, की आजींना मघाशीच दिली.
त्यांना बसवलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. हूं की चूं नाही. किती दुखतंय, हेही मीच विचारलं. निर्लज्ज! म्हणाल्या— दोन.

२४ जानेवारी
पहाटे आजी गेल्या. हृदय थांबलं. सर म्हणाले, वय झालं होतं, पण बसल्या किती शांत! सरांना सुई पटली. यापुढे सगळ्यांना द्यायची. मी जिंकले म्हणे.
उजवा पाय अजून बधिर. आता कळ डाव्यात—
आजचे आजोबा आलेत. कबूल केलंय त्यांना. सिरिंज भरलेली— हाताशी—
सामानाच्या खोलीची कडी लावलीय. बाहेरून हाका मारताहेत. त्यांना उचलताहेत—
आजच्या दिवस. उद्यापासून खरंच त्यांना— फक्त हा डावा—