एर्झेबेटचा नामदिन

प्रिय इल्का,

लिस्बनहून फोनवर तू म्हणालीस, "आई, मुलीला तुझं नाव देणार नाही. इसाबेल ठेवतेय." बाबा गेल्यावर मी घर विकू दिलं नाही, तो तुझा राग अजून आहे.

आज एर्झेबेटचा नामदिन, कॅलेंडरातला या नावाच्या साऱ्याजणींचा दिवस. शेजारची पिरोश्का रिवाजाप्रमाणे न बोलावता आली. माझ्या लाडाच्या नावाने हाक मारून म्हणाली, "बोझी, नातीचं नशीब म्हणायचं! तुझं नाव हल्ली गायीलासुद्धा कोणी ठेवत नाही." मी हसले आणि तिला खसखशीचा रोल कापून दिला.

वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं, आपल्याकडची एर्झेबेट पोलंडात एल्झ्बिएता होते आणि पोर्तुगालात इसाबेल. नाव एकच.

तुला कळवलं, तर रविवारच्या बाप्तिस्म्याआधी तू ते बदलशील. म्हणून हे पत्र चुलीत जाईल.

आज इसाबेलचाही नामदिन. तिच्या वाट्याचा तुकडा ताटलीत सुकतोय.

तुझी आई,
एर्झेबेट